जुनी वर्ड फाईल बदलायला गेलं की मराठीचा चिवडा का होतो?

चांदूर रेल्वेला आमच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. शाळेत असताना त्यांनी वऱ्हाडी शब्दांची वही ठेवली होती. पोरांच्या, त्यांच्या आईबापांच्या, बाजारात आलेल्या लोकांच्या तोंडचे शब्द ते त्यात लिहून घ्यायचे. २००६ च्या सुमारास त्यांनी ती वही एका दुकानातून टाईप करून घेतली आणि सीडीवर ठेवली. पुढं वह्यांना वाळवी लागली. म्हणजे आता जे काही आहे ते त्या सीडीवरच्या एका वर्ड फाईलमध्येच.

यंदा दिवाळीला गावी गेले तेव्हा त्यांनी ती सीडी माझ्या हातात दिली. मोबाईलवर वाचता येईल असं काहीतरी करून दे, एवढीच मागणी. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. फाईल उघडली तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी.

"माह्या फाइलीले काय झालं वं पोरी?" गुरुजींनी विचारलं.

फाईलला काहीच झालं नव्हतं. पण ते त्यांना समजावून सांगायला मला आधी स्वतःला समजून घ्यावं लागलं. तुमच्या घरातही एखादा जुना प्रबंध, कुळाची वंशावळ, मंडळाची स्मरणिका अशा फाईलमध्ये पडून असेल, तर पुढचं वाचाच.

फाईलमध्ये 'मराठी' नसतंच

त्या फाईलमधलं मराठी कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये होतं. आमच्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत तेव्हा हाच चालायचा. टाईपरायटरवर शिकलेल्या माणसाला तो सोपा, कारण त्याची अक्षरं रेमिंग्टनच्या मराठी टाईपरायटरसारखीच बसवलेली आहेत. छापखान्यांत श्रीलिपी असायची, सरकारी कचेऱ्यांत सीडॅकचे फॉन्ट. नावं वेगळी, युक्ती एकच.

युक्ती अशी. कॉम्प्युटर अक्षर लक्षात ठेवत नाही, क्रमांक लक्षात ठेवतो. १०१ हा क्रमांक इंग्रजी छोट्या 'ई'चा. कृतिदेव बनवणाऱ्यांनी काय केलं, तर फॉन्टमध्ये १०१ च्या जागी 'ई'च्या चित्राऐवजी 'म'चं चित्र बसवलं. त्यामुळं 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये असा असतो: छोटी ई, जे, के, मोठा बी, एच. 'चांदूर' म्हणजे पी, के, ए, एन, डब्ल्यू, जे. डोळ्यांना मराठी दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते अर्थहीन इंग्रजी. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो. माझ्या लॅपटॉपवर कृतिदेव नव्हता, एवढंच झालं होतं.

युनिकोडमध्ये असं नाही. तिथं 'म'चा स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखलेल्या आहेत आणि त्या जगभर त्याच आहेत. फॉन्ट कुठलाही लावा, 'म' हा 'म'च राहतो. विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली, पण दुकानांच्या सवयी बदलायला बरीच वर्षं लागली.

फरक कुठं पडतो? आमच्या जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. कुठला शब्द कुठल्या चांदूरकडून मिळाला हे गुरुजींनी जागोजागी लिहिलंय. पण त्या फाईलमध्ये 'चांदूर' शोधलं तर एकदाही सापडत नाही. आणि दृष्टिहीन माणसाच्या मोबाईलनं हा मजकूर वाचायला घेतला, तर तो निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचत सुटेल.

वर्डमधून बाहेर काढायचंच कशाला?

वर्डमध्ये आपण दिसण्यावर काम करतो. शीर्षक म्हणजे मोठं आणि ठळक. वाचणाऱ्याला कळतं, कॉम्प्युटरला मात्र ते शीर्षक आहे हे कळत नाही. त्याला फक्त 'हा मजकूर १८ आकाराचा' एवढंच दिसतं.

याच्या उलट पद्धत म्हणजे खुणांची. ओळीच्या सुरुवातीला # असेल तर ते शीर्षक, दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या असतील तर ते ठळक. असं:

# म्हणी आणि वाक्प्रचार
मले: मला

याला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ते मांडलं. फाईल साधी असते, कुठल्याही मोबाईलवर उघडते, आणि याच एका फाईलमधून वेबपेज, ई-बुक आणि छपाईची पीडीएफ अशी तिन्ही करता येतात. गुरुजींच्या कामाला मला हेच बरं वाटलं.

वर्डमधून मार्कडाउनमध्ये नेणारं पॅनडॉक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. (तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं हे करावं याचं मला फार कौतुक वाटतं.) इंग्रजी प्रबंध, पुस्तकं त्यातून झटक्यात निघतात.

मीही तेच केलं. आधी पॅनडॉक चालवलं, मग निघालेला मजकूर एका ऑनलाईन कन्व्हर्टरमध्ये टाकून कृतिदेवचं युनिकोड केलं.

प्रश्नचिन्हांचा पाऊस

मराठी आलं खरं, पण जिथं जिथं 'ख' तिथं त्याच्या आधी प्रश्नचिन्ह. 'ढ'च्या आधी प्रश्नचिन्ह. 'झ'च्या आधीही. '३' हा आकडा जिथं होता तिथं 'ण्ण्ण्'. आणि गुरुजींनी काही ठिकाणी इंग्रजीत 'स्टेशन' लिहिलं होतं, तिथं 'ेजंजपवद' असा मंत्र.

दोन दिवस मी कन्व्हर्टरला शिव्या घातल्या. चूक त्याची नव्हती, माझ्या क्रमाची होती.

कृतिदेवमध्ये अर्धा 'ख' म्हणजे [ ही खूण. 'ढ' म्हणजे < आणि 'झ' म्हणजे >. ओळीच्या सुरुवातीला येणारी # म्हणजे 'रु'. आता या सगळ्या खुणांना मार्कडाउनमध्ये वेगळा अर्थ आहे. चौकटी कंस लागला की लिंक, # लागली की शीर्षक. पॅनडॉक बिचारं काळजी घेतं: मूळ मजकुरात अशी खूण दिसली की तिच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घालतं, म्हणजे 'ही खूण नाही, साधं अक्षर समजा'. पण कृतिदेवमध्ये उलटी तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्ह! म्हणून प्रत्येक 'ख'ला प्रश्न पडला.

'३'ची गंमत याहून भारी. कृतिदेवमध्ये देवनागरी ३ हा ज्या क्रमांकावर बसवलाय, तो मुळात … या तीन टिंबांच्या एकत्रित चिन्हाचा. पॅनडॉक मार्कडाउन लिहिताना ते चिन्ह सोडवून तीन सुटी टिंबं करतं. आणि कृतिदेवमध्ये टिंब म्हणजे अर्धा 'ण'. तीन टिंबं, तीन अर्धे 'ण'. असंच वळणदार अवतरणचिन्हांचं. पॅनडॉक ती सरळ करतं, आणि कृतिदेवमध्ये सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा 'श'.

कुणी हाच जुना मजकूर थेट वेबपेजच्या कोडमध्ये चिकटवला तर आणखी वाईट. ब्राउझरला < नंतर अक्षर दिसलं की तो ते कोड समजतो आणि > येईपर्यंतचं सगळं लपवतो. म्हणजे 'ढोल'पासून पुढच्या पहिल्या 'झ'पर्यंतचा मजकूर पानावरून गायब, आणि चूक झाल्याची सूचनाही नाही.

खरा घोळ: फॉन्टचं नाव हीच माहिती

पण 'स्टेशन'चं काय? तिथं तर कुठलीच खूण नव्हती.

इथं वर्ड फाईलच्या पोटात शिरावं लागतं. डॉकएक्स फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं बोचकं आहे. फाईलच्या नावाची शेपटी बदलून झिप केली की ते सोडता येतं. आत मजकूर तुकड्यातुकड्यांत ठेवलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा फॉन्ट, आकार, ठळकपणा लिहिलेला असतो. एका तुकड्यावर कृतिदेव, शेजारच्या तुकड्यावर टाईम्स न्यू रोमन.

पॅनडॉक फॉन्टचं नाव टाकून देतं. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. फॉन्ट म्हणजे दिसणं, आणि दिसणं सोडून फक्त रचना घ्यायची हेच तर त्याचं काम. इंग्रजी फाईलमध्ये यानं काही बिघडत नाही. आपल्या फाईलमध्ये मात्र कुठला तुकडा मराठी आणि कुठला खरंच इंग्रजी हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे ते फॉन्टचं नाव. ते गेलं की पुढच्या कन्व्हर्टरला 'मराठी'ची जुनी अक्षरं आणि 'स्टेशन'ची इंग्रजी अक्षरं सारखीच. तो दोन्हीचं इमानदारीत 'मराठी' करतो.

म्हणून आधी वर्डच्या आत राहूनच, फॉन्टचं नाव शाबूत असताना, युनिकोड करायचं. मार्कडाउन नंतर. मी उलटं केलं होतं.

मग दुसऱ्यांदा काय केलं?

सीडीवरची मूळ फाईल हात न लावता बाजूला ठेवली. मग लॅपटॉपवर कृतिदेव टाकून त्या फाईलची पीडीएफ काढली. पुढं काहीही शंका आली तर मूळ पान कसं दिसत होतं हे सांगणारा साक्षीदार हवाच. फाईल जुन्या डॉक प्रकारातली होती. पॅनडॉक ती वाचत नाही, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये उघडून डॉकएक्स केली.

त्यानंतर पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: प्रत्येक तुकडा घे, फॉन्ट कृतिदेव असेल तरच बदल, नाहीतर सोडून दे. प्रोग्रामिंग येत नसेल तर हेच काम वर्डमधल्या 'शोधा आणि बदला' मध्ये फॉन्ट निवडून, मराठी परिच्छेद वेगळे करून, हातानंही होतं. वेळ लागतो, पण होतं.

माझ्या प्रोग्रामला दोन ठेचा लागल्या. एक, काही तुकड्यांवर फॉन्टचं नावच नव्हतं, कारण तो फॉन्ट परिच्छेदाच्या स्टाईलमधून आला होता. तुकड्यावर नाव नसेल तर स्टाईलमध्ये, तिथंही नसेल तर फाईलच्या मूळ सेटिंगमध्ये बघावं लागतं. दोन, वर्ड कधीकधी एका शब्दाचेच दोन तुकडे करतं. मध्येच कुणी एखादं अक्षर दुरुस्त केलं असेल तर हमखास. अशा वेळी वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं अक्षर दुसऱ्यात. बदलण्याआधी एकाच फॉन्टचे शेजारचे तुकडे जोडून घेतले तेव्हा हे थांबलं.

जोडण्याची गरज का पडते ते 'विदर्भ' या शब्दात नीट दिसतं. टाईपरायटरवर आपण डावीकडून उजवीकडं जे दिसतं तेच मारायचो. आधी वेलांटी, मग व, मग द, मग अर्धा भ, त्याला पुरा करणारा काना आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं. आधी व, मग वेलांटी, मग द, र, पाय मोडण्याची खूण आणि शेवटी भ. म्हणजे वेलांटी मागून पुढं न्यायची, रफार शेवटून उचलून 'भ'च्या आधी आणायचा, आणि तो काना 'आ'चा नाही, 'भ'चाच भाग आहे हे ओळखायचं. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही.

आणि मग आमचा खास प्रश्न: वऱ्हाड.

या शब्दातला आडवा, पापणीसारखा 'ऱ' हिंदीत नाही. कृतिदेवसाठी नेटवर मिळणारे बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले. ते काय करतात, तर रफार देऊन 'वर्हाड' करून मोकळे होतात. 'शेतकऱ्या'चा 'शेतकर्या' होतो. हा नुसता दिसण्याचा फरक नाही. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यात एक माणूस शिकवतो आणि दुसरा स्वयंपाक करतो. शिवाय युनिकोडमध्ये हा 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ' घेऊन, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही दिसायला सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. मी सगळीकडं पहिला प्रकार ठेवला. तुम्ही दुसरा ठेवलात तरी चालेल, पण एका फाईलमध्ये एकच.

आकारमानाचं थोडक्यात सांगते. वर्डमध्ये देवनागरीचा ठळकपणा इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठिकाणी नोंदवलेला असतो. त्यामुळं युनिकोड झाल्यावर गुरुजींचे सगळे ठळक मूळ शब्द अचानक साधे दिसायला लागले. ती नोंद प्रोग्रामनं दुसरीकडं उतरवली. शीर्षकं नुसती मोठी आणि ठळक केलेली होती, त्यांना हातानं 'हेडिंग' ही स्टाईल लावली, कारण पॅनडॉक आकार बघत नाही, स्टाईल बघतं. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये दुकानदारानं दहा-बारा स्पेस मारून रकाने पाडले होते. मार्कडाउनमध्ये दहा स्पेस म्हणजे एकच, म्हणून तिथं आधी अपूर्णविराम घातला.

एवढं झाल्यावर पॅनडॉक चालवलं. या वेळी अर्ध्या मिनिटात स्वच्छ फाईल आली. 'ख'ला कसलाही प्रश्न नाही, ३ हा ३, आणि 'स्टेशन' इंग्रजीत जसंच्या तसं.

छापताना 'ल' आणि 'श' बघा

गुरुजींना मोबाईलसोबत कागदावरही हवं होतं. पॅनडॉक पीडीएफसाठी लाटेक ही छपाईची पद्धत वापरतं. सांगितलं नाही तर ते तिचं जुनं इंजिन घेतं आणि देवनागरी बघून अडून बसतं. झीलाटेक हे इंजिन आणि एखादा देवनागरी फॉन्ट नाव घेऊन सांगावा लागतो.

भाषा मराठी आहे हेही सांगायचं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिलाय. काही फॉन्टमध्ये हिंदी वळण आणि मराठी वळण अशी दोन्ही चित्रं असतात. भाषा मराठी सांगितली तरच मराठी वळण येतं. वेबपेजलाही तेच लागू. कित्येक मराठी साईटवर हिंदी वळणाचा 'ल' दिसतो, त्याचं एक कारण हा न भरलेला एक शब्द.

आणि एक चूक, जी मशीनची नव्हती

सगळं झाल्यावर मला हुरूप आला. युनिकोड आहे, आता स्पेलचेक चालतं, तर दुकानदाराच्या टायपिंगच्या चुकाही काढून टाकू. लाल रेघा आलेले शब्द भराभर 'सगळीकडं बदला' करत गेले आणि प्रिंट काढून गुरुजींना दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात. प्रिंटवर पेन्सिलीनं गोल केलेला. त्यांच्या यादीतल्या 'डोया'चा 'डोळा' झाला होता. अर्थाच्या रकान्यातही 'डोळा'.

"हे त मी लिहेलच नाई," ते म्हणाले. "'डोळा म्हणजे डोळा' असं सांगाले मी वीस वर्सं वही लिहिली का?"

'काया'चा 'काळा' झाला होता, 'तुले'चा 'तुला'. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, 'ला'च्या जागी 'ले' येतं, हेच तर त्या वहीत होतं. फॉन्टनं वीस वर्षं जे लपवून का होईना जपलं होतं, ते मी दहा मिनिटांत पुसलं होतं. नशीब, स्पेलचेकच्या आधीची फाईल ठेवली होती. तिच्यावरून पुन्हा सगळं काढलं, आणि लाल रेघा दिसणंच बंद करून टाकलं.

खऱ्या टायपिंगच्या चुका आता गुरुजी स्वतः काढतायत. जुनी पीडीएफ एका बाजूला, नवी प्रिंट दुसऱ्या बाजूला, रोज चार-पाच पानं. दुकानदाराची चूक कुठली आणि त्या माणसानं तोंडानं तसंच म्हटलं होतं ते कुठलं, हे त्यांनाच आठवतं. कधीकधी त्यांनाही आठवत नाही, मग समासात प्रश्नचिन्ह करून पुढं जातात. परवा फोन केला तेव्हा ते 'प'वर होते. 'पोट्टा' या शब्दाला अर्धं पान लागलंय म्हणे.